‘दिसलं का, सर?’ : डोंगर, प्राणी आणि दाखवणारा माणूस



आजचा विषय कळल्यावर संयोजकांपैकी एकानं मला फोन केला. म्हणाला, "सर, ज्ञानमीमांसेच्या मालिकेत सहलीवर व्याख्यान? लोक गोंधळतील." मी त्याला म्हटलं, सहलीवर नाही रे, सहलीत मी एक खोटं बोललो, त्यावर आहे. (हशा) तर ते खोटं आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल आणि मग शास्त्राकडे वळता येईल.

डिसेंबर महिना. आम्ही दोघं केरळात मुन्नारला गेलो होतो. तिथे एक दिवसाची सहल मिळते. जीप आणि गाईड बरोबर. सकाळी इरवीकुलम राष्ट्रीय उद्यानातला राजमलाचा भाग, दुपारी मट्टुपेट्टी, कुंडला, मग टॉप स्टेशन आणि अंधार पडता पडता परत. डोंगर बघायचे आणि वाटेत जे प्राणी भेटतील ते बघायचे. आमचा गाईड तिशीतला होता, चहामळ्यातल्या वस्तीत वाढलेला. मलयाळम, तमिळ, थोडं हिंदी आणि पर्यटकांपुरतं इंग्रजी, अशी त्याची भाषा. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही.

राजमलाला खासगी गाडी आत जात नाही. खाली तिकीट काढायचं, वनखात्याच्या बसनं वर जायचं आणि पुढे डांबरी रस्त्यानं चालायचं. आम्ही चाललो. धुकं होतं. मग एकदम पडदा बाजूला सरकवावा तसा समोरचा कडा उघडा झाला आणि गाईडनं बोट केलं. "तो काळा खडक, सर. त्याच्या डावीकडे गवताची पट्टी संपते ना, तिथे. तीन आहेत. एक मोठा नर."

माझी पत्नी म्हणाली, "अगंबाई, हो की!" शेजारच्या कुटुंबातलं सात-आठ वर्षांचं पोरगंसुद्धा टाळ्या वाजवायला लागलं. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मला खडक दिसला. गवत दिसलं. बाकी काही नाही. गाईडनं विचारलं, "दिसलं का, सर?" आणि मी म्हटलं, "हो, दिसलं." एवढ्यावर थांबलो नाही. "छान आहे," असंही म्हटलं.

आता बघा. प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे काय, इंद्रियाचा आणि अर्थाचा संनिकर्ष कसा होतो, भ्रम कुठे शिरतो, हे मी तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. दोरीवर साप दिसतो तो का, शिंपल्यात चांदी दिसते ती का. आणि काहीही दिसत नसताना "दिसलं" म्हणणारा माणूस मीच. हा भ्रम नव्हे हं. भ्रमात निदान काहीतरी दिसतं.

मी असं का म्हणालो, याचा विचार त्या रात्री करत होतो. मागे रांग होती, हे एक. दुसरं, गाईडचा चेहरा. त्यानं मोठ्या प्रेमानं दाखवलं होतं. आणि तिसरं जरा लाजिरवाणं आहे. आपण तिकीट काढलेलं असतं ना, ते ‘दिसण्याचं’ काढलेलं असतं. देवळात नाही का, चार तास रांगेत उभं राहून गाभाऱ्याशी पोचलो की पुजारी पुढे ढकलतो, समोरच्याच्या डोक्याआड काहीच दिसलेलं नसतं, तरी बाहेर येऊन आपण सांगतो, दर्शन झालं. गंमत अशी की तत्त्वज्ञानालाही आपण दर्शनच म्हणतो.

तर माझ्या मनात आला तो प्रश्न असा. दुसरा दाखवतो तेव्हा जे होतं, ते माझं पाहणं असतं का?

आपल्याकडे नैयायिकांनी याच्या अगदी जवळचा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेलं उदाहरण रानातल्या प्राण्याचंच आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चार प्रमाणं मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं उपमान विद्यार्थी नेहमी ‘ऑप्शनला टाकायचे’. परीक्षेत फारसं येत नाही, म्हणून. पण त्याचं ठरलेलं उदाहरण ऐका. एक शहरातला माणूस आहे. त्यानं ‘गवय’ हा शब्द ऐकलाय, पण गवय कधी पाहिलेला नाही. तो एका वनवासी माणसाला विचारतो, हे गवय म्हणजे काय हो? वनवासी सांगतो, गाईसारखा असतो तो. पुढे कधीतरी हा शहरी गृहस्थ रानात जातो. एक अनोळखी जनावर समोर येतं. गाईसारखं, पण गाय नव्हे. त्याला वनवासी माणसाचं बोलणं आठवतं आणि त्याच्या मनात ज्ञान होतं की, अरे, ज्याला गवय म्हणतात तो हाच!

मला तर ही वनसहलच वाटते. तिकीटखिडकी तेवढी नाही. (हशा) शहरी माणूस, माहितगार माणूस, रान आणि जनावर, सगळे हजर आहेत. पण एक बारीक फरक आहे, आणि आजचं माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे. न्यायाच्या गोष्टीतला वनवासी बरोबर येत नाही. तो खूण सांगतो आणि आपल्या कामाला जातो. ओळखण्याचं काम शहरी माणसाला स्वतः करावं लागतं. आपला गाईड शेजारी उभा असतो. तो बोट करतो आणि म्हणतो, ते बघा. म्हणजे उपमानाला जागाच उरत नाही. ते झालं शब्दप्रमाण. एका आप्तानं सांगितलं, मी मानलं.

शब्दप्रमाण कमी दर्जाचं असं मी म्हणत नाही, बरं का. आपलं बहुतेक ज्ञान त्यावरच चालतं. माझी जन्मतारीख मला आईनं सांगितली म्हणून माहीत आहे. आणि आप्त कोण, याबद्दल न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी फार मोकळी भूमिका घेतली आहे. ज्याला वस्तू स्वतः कळली आहे आणि जी तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण एकच. म्हणजे त्या कड्यापुरता आमचा गाईड आप्त होता आणि डॉक्टरेट मिळवलेला मी नव्हतो, यात वात्स्यायनांना काहीच वावगं वाटलं नसतं.

आता त्या डोंगराकडे जाऊ, कारण माझी दुसरी चूक तिथे आहे, आणि ती डोळ्यांची नव्हती.

बसमधून वर जाताना मी पत्नीला म्हटलं होतं, "किती बोडके केलेत बघ हे डोंगर. सगळी झाडं तोडून टाकली." गाईडनं ते हातवाऱ्यांवरून ओळखलं असावं. तो म्हणाला, "नो कटिंग, सर. ग्रास इज द फॉरेस्ट." मी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

नंतर वाचलं, तेव्हा शरमलो. दक्षिणेकडच्या सह्याद्रीच्या उंच भागात, साधारण दोन हजार मीटरच्या वर, निसर्गाची एक वेगळीच मांडणी आहे. घळींमध्ये, ओढ्यांच्या काठानं बुटक्या झाडांचं दाट रान. त्याला ‘शोला’ म्हणतात. आणि मधले सगळे उतार गवताचे. पूर्वी पुष्कळांना वाटायचं की मूळचं सगळं रानच असणार, माणसानं आगी लावून, गुरं चारून ते गवताळ केलं. पण नीलगिरीत दलदलीच्या जागी साठलेल्या पीटच्या थरांचा अभ्यास झाला. तिथल्या गवताच्या आणि झाडांच्या कार्बनमध्ये ओळखता येईल असा फरक असतो. त्यावरून कोणत्या काळी काय उगवत होतं, हे काढता येतं. १९९३ साली रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वीस हजार वर्षांपूर्वीही इथे गवत होतं. तिथे शेती करणारा माणूस येण्याच्या कितीतरी आधी. हवामान बदललं तसा शोला पुढे सरकला, गवत मागे हटलं, पुन्हा उलटं झालं. पण गवत उपरं नाही.

मग बोडका डोंगर मला का दिसला? कारण माझ्या डोक्यात ‘जंगल म्हणजे झाडं’ हे आधीच ठरलेलं होतं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यातही तेच होतं. त्यांना हे उतार रिकामे दिसले आणि तिथे वॅटल आणि निलगिरीची झाडं लावली गेली. कातडी कमावण्यासाठी साल मिळेल, चहाच्या कारखान्यांना सरपण मिळेल म्हणून. स्वातंत्र्यानंतर आपणही तेच चालू ठेवलं. आणि लांब कशाला जायचं? आपल्याकडचे सडे, कासचं पठार घ्या. कातळ आणि वीतभर माती. सरकारी भाषेत कितीतरी सडे पडीक. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात इरवीकुलम आहे आणि आपलं कासही आहे. कास रिकामं नाही, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना त्यानंतर दिसायला लागलं. म्हणजे तिथेही कुणीतरी बोट दाखवावं लागलंच.

तर कड्यावरचा प्राणी मला दिसला नाही. पुढे चालत गेलो आणि वळणावर तोच प्राणी रस्त्याच्या कडेला उभा! मादी होती, बरोबर पिल्लू. माझ्यापासून चार हातांवर. ऑपरेशन न झालेल्या डोळ्यालाही अंगावरचा केस न् केस दिसत होता. सगळ्यांचे फोन बाहेर. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. म्हणजे, कड्यावरच्या न दिसलेल्यानं जी हुरहूर लावली होती, तिचा अंशही या समोरच्या दिसलेल्यानं लावला नाही.

तिचे डोळे मात्र मी पाहिले. शेळ्यामेंढ्यांसारखी आडवी बाहुली. अशा बाहुलीनं मान न वळवता दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा दिसतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला हे उपयोगाचं. मी तिला बघत होतो तेव्हा ती मला, माझ्या पत्नीला, त्या टाळ्या वाजवणाऱ्या पोराला आणि मागच्या तीस जणांना एकाच वेळी बघत होती. आम्ही तिला दिसलो की नाही, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही. गवत खात राहिली.

हा प्राणी कोणता, तर नीलगिरी ताहर. जगात तो फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या घाटमाथ्यांवर राहतो, अडीच-तीन हजारांच्या आसपास, आणि त्याची सर्वांत मोठी वस्ती इरवीकुलममध्ये. ही जमीन पूर्वी कण्णन देवनच्या चहामळ्यांच्या मालकीची होती. गोऱ्या मळेवाल्यांनी वरचा भाग शिकारीसाठी राखून ठेवला होता आणि राखणदार म्हणून मुथुवन आदिवासी नेमले होते. १९७१ साली केरळ सरकारनं कायदा करून जमीन ताब्यात घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. म्हणजे शिकाऱ्यांनी शिकारीसाठी राखलं म्हणून प्राणी उरला. इतिहासाला नीतिशास्त्राची फारशी पर्वा नसते, ती अशी.

त्याच्या नावांकडे बघा, म्हणजे उपमानाची गंमत कळेल. तमिळमध्ये त्याला म्हणतात वरयाडु. वरै म्हणजे कडा, आडु म्हणजे शेळी. कड्यावरची शेळी. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला आयबेक्स म्हटलं, कारण त्यांना युरोपातल्या डोंगरी बोकडाची आठवण झाली. प्राणिशास्त्रज्ञांना तो हिमालयातल्या ताहरसारखा वाटला, म्हणून ताहर. प्रत्येक जण आपापल्या घरची गाय घेऊन रानात आलेला! आणि २००५ साली जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा निघालं काय, तर याचं जवळचं नातं हिमालयाच्या ताहरशी नाहीच, मेंढ्यांशी आहे. म्हणून त्याची प्रजातीच वेगळी केली.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग उपमान खोटं ठरलं का?)

चांगला प्रश्न आहे. शेवटी घेणार होतो, पण आत्ताच घेऊ. नाही, खोटं ठरलं नाही. नैयायिक फार सावध लोक. उपमानानं ‘गवय हा गाईचा चुलतभाऊ आहे’ असं ज्ञान होतं, असं ते म्हणतच नाहीत. ज्ञान होतं ते एवढंच की ‘गवय’ या शब्दानं ज्याला म्हणतात तो हा. सारखेपणा ही फक्त वाट. वंशावळ वेगळी गोष्ट. तमिळ गुराख्याला कड्यावरची शेळी म्हणून जनावर अचूक ओळखता येतं, मग ते जनुकानं मेंढीजवळचं का असेना. सारखेपणावरून नातं काढायला गेले शास्त्रज्ञ, आणि तेच फसले. बौद्ध तार्किक आणि वैशेषिक तर उपमान हे वेगळं प्रमाण मानतच नाहीत, पण त्या वादात आज शिरलो तर जेवणाची वेळ होईल.

बरं. आता एक आक्षेप. मित्रमंडळींत मी हे सांगितलं तेव्हा एक ट्रेकर मित्र म्हणाला, "गाईड, बस, तिकीट, हे सगळं नकलीच. डोंगर बघायचा तर एकट्यानं, पायी." या मताला फार प्रतिष्ठा आहे. मला ते पटत नाही.

इमान्युएल कांट यांनी १७९० साली निर्णयशक्तीची चिकित्सा लिहिली. तीत भव्योदात्त म्हणजे काय याचं विवेचन आहे. लोंबकळते कडे, गडगडाटी ढग, ज्वालामुखी यांच्यापुढे आपली ताकद क्षुल्लक ठरते, आणि तरीही ते दृश्य आपल्याला खेचतं. पण त्यांची एक अट आहे. आपण सुरक्षित जागी असलो पाहिजे. कडा कोसळत असताना कुणाला उदात्त वाटत नाही, पळावंसं वाटतं. म्हणजे कठडा, बस, गाईड हे त्या अनुभवाच्या आड येत नाहीत. ते नसतील तर तो अनुभवच होत नाही. आणि गंमत म्हणजे कांट स्वतः कोनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून कधी बाहेर पडले नाहीत. जवळजवळ चाळीस वर्षं प्राकृतिक भूगोल शिकवला, पण आल्प्स पाहिला नाही. त्यांचा पर्वत सगळा शब्दप्रमाणावरचा. सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाच्या प्रवासवर्णनावर त्यांची भिस्त होती. त्यातला सॅव्हॉयचा एक शेतकरी कांटनी उचललाय. बर्फाच्या डोंगरांसाठी वेडे होणारे लोक त्याला सरळ मूर्ख वाटतात. कांट म्हणतात, संस्कार नसले की उदात्त गोष्ट नुसती भयानक दिसते.

इथे मी कांटशी भांडेन. तो शेतकरी असंस्कृत नव्हता. डोंगरात माणसं कशी मरतात, हे त्याला ठाऊक होतं. सोस्यूरनं माँ ब्लाँवर जाण्याची वाट शोधणाऱ्याला १७६० साली बक्षीस जाहीर केलं. शिखर गाठलं १७८६ मध्ये, दोघांनी. एक डॉक्टर, आणि दुसरा डोंगरात स्फटिक शोधून विकणारा जाक बाल्मा. दुसऱ्या वर्षी सोस्यूर स्वतः वर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर अठरा वाटाडे होते. अठरा! म्हणजे ज्या पुस्तकावरून कांटनी पर्वताचं तत्त्वज्ञान रचलं, ते पुस्तक वाटाड्यांच्या खांद्यावरून आलंय. ‘एकट्यानं पाहिलेला डोंगर’ शोधायला जाल, तर जवळपास प्रत्येक ठिकाणी पुढे कुणीतरी चाललेला सापडतो. त्याचं नाव पुस्तकात असतंच असं नाही.

तेव्हा गाईड असावा की नसावा, हा माझा प्रश्नच नाही. तो कशा प्रकारचा असावा आणि आपण त्याच्याशी खरं बोलतो का, हा आहे.

राजमलाहून खाली आलो. जीप मट्टुपेट्टीच्या रस्त्याला लागली. मला राहवेना. मी गाईडला म्हटलं, "सकाळी मी दिसलं म्हणालो ना, ते खोटं होतं. मला काहीच दिसलं नाही."

तो हसला. म्हणाला, "माहीत आहे, सर. तुम्ही दुसऱ्याच खडकाकडे बघत होता." (हशा) मग म्हणाला, "निम्मे लोक खोटंच सांगतात."

मी विचारलं, मग तुम्ही परत का नाही दाखवत? त्याचं उत्तर मी बऱ्याचदा आठवतो. म्हणाला, "सर, परत दाखवलं की त्यांना राग येतो." म्हणजे बघा, आपण न दिसण्याची लाज वाटून खोटं बोलतो, तो आपली लाज सांभाळण्यासाठी ते खरं मानल्याचं दाखवतो, आणि कड्यावरचा प्राणी दोघांच्या मध्ये न पाहिलेलाच राहतो. दोन सभ्य माणसांनी मिळून केलेलं अज्ञान.

त्यानंतर त्याची पद्धत बदलली. निदान मला तसं वाटलं. बोट करणं कमी झालं. तो खुणा सांगायला लागला. म्हातारा ताहर नर गडद तपकिरी होतो आणि पाठीवर राखाडी-रुपेरी डाग येतो, खोगीर घातल्यासारखा. लांबून शिंगं शोधायची नाहीत, तो डाग शोधायचा. हत्ती दिसण्याआधी फांद्या मोडल्याचा आवाज येतो. एका वळणावर जीप थांबवून त्यानं कमरेएवढ्या उंचीची, धुळकट, अगदी सामान्य झुडपं दाखवली. "हीच नीलकुरिंजी." बारा वर्षांतून एकदा सगळा डोंगर निळा करणारी. मागचा बहर २०१८ चा. त्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला आणि पुष्कळांचं बघणं राहून गेलं. "आता २०३० ला या, सर," तो सहज म्हणाला. मी मनातल्या मनात वय मोजलं. पत्नीनंही मोजलं असावं, कारण ती खिडकीबाहेर बघायला लागली. तमिळनाडूतले पळियन आदिवासी आपलं वय या बहरांवरून मोजत असत, असं म्हणतात. त्या हिशेबानं मी सहा वर्षांचा आहे.

टॉप स्टेशनबद्दल फार सांगत नाही. दृश्य अफाट आहे. खाली तमिळनाडूची सपाटी पसरलेली. नाव मात्र कुठल्या देवाचं नाही, चहा खाली पाठवायच्या दोरवाटेचं वरचं ठाणं म्हणून. तिथवर कुंडल्याच्या खोऱ्यातून चिमुकली रेल्वेही होती, १९२४ च्या पुरात वाहून गेली. भुट्टा खाल्ला, फोटो काढले.

परतताना उजेड कमी झाला होता. शोलाच्या कडेला एका ठिकाणी चालकानं जीप मंद केली आणि इंजिन बंद केलं. कुणी बोललं नाही. गाईडनं हात उचलला नाही. समोर रस्त्यापलीकडे अंधाराचा एक मोठा गोळा होता. खडक असेल, म्हटलं. मग त्या खडकाखाली मला चार पांढरे ठिपके दिसले. ठिपके नव्हेत, पाय. गुडघ्यांपासून खाली पांढरे.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझे मामा कोल्हापूरकडे दाजीपूरला जाऊन आले होते. राधानगरीचं हे रान तेव्हा नुकतंच गव्यांसाठी अभयारण्य झालं होतं. मामांना मी विचारलं, गवा कसा असतो? ते म्हणाले, "म्हशीसारखा रे, पण दुप्पट. आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे." मामा गेले त्याला आता तीस वर्षं होतील. दाजीपूरला मी कधीच गेलो नाही. गव्याचं चित्र शंभरदा पाहिलं असेल, पण त्या संध्याकाळी चित्र आठवलं नाही. मोजे आठवले. आणि मी मोठ्यानं म्हणालो, "गवा!"

संस्कृतातला गवय म्हणजे नेमका कोणता प्राणी, यावर पंडितांचे मतभेद आहेत, ते असोत. मी चालता-फिरता न्यायसूत्रातला नागरिक झालो होतो. वाक्य ऐकल्यावर जवळजवळ पासष्ट वर्षांनी.

गाईड वळून म्हणाला, "काट्टुपोत्तु." काट्टु म्हणजे रान, पोत्तु म्हणजे रेडा. म्हणजे त्याच्याही आजोबा-पणजोबांना कुणीतरी म्हशीवरूनच सांगितलं होतं.

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. हे ओळखणं माझं स्वतःचं, असं मी हॉटेलवर येईपर्यंत मिरवत होतो. पत्नी म्हणाली, "अहो, पण त्यांनी जीप थांबवली होती ना?" थांबवली होती. माझ्या आधी दोघांनाही दिसला होता. फरक इतकाच की त्यांनी मला वेळ दिला. तो जनावर तिथे किती वेळ उभं होतं, किती वेळ ते दोघं गप्प बसले होते, ते मला माहीत नाही. मी ते मोजलं नाही. सकाळी कड्यासमोर मला मिळाला असेल दहा सेकंदांचा वेळ, मागे रांग होती. तिकिटावर वेळ लिहिलेली असते, पण ओळखायला किती लागेल ते माणसागणिक वेगळं. माझ्यासारख्याला तर एक डोळा आणि पासष्ट वर्षं.

राजमला फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बंद ठेवतात. तेव्हा ताहरची पिल्लं होतात. आमच्या हॉटेलात एक गृहस्थ त्यावर चिडले होते, मुलांच्या परीक्षा संपतात त्याच सुमाराला बंद, म्हणजे काय! मला त्यांचं दुःख कळलं. पण त्या दोन महिन्यांत कुणालाही काही दाखवायचं नाही असं ठरवणाऱ्या लोकांविषयी मला जास्त आदर वाटला. आडव्या बाहुलीच्या त्या मादीला वर्षातले दोन महिने तरी तीस माणसं बघावी लागत नाहीत.

एक शेवटचा मुद्दा, मग थांबतो. उपमानावर मीमांसकांचं मत नैयायिकांपेक्षा वेगळं आहे, आणि तरुणपणी मला ते शुद्ध खुळेपणा वाटायचं. मीमांसक म्हणतात, रानात गवय पाहून जे ज्ञान होतं ते गवयाबद्दल नाहीच. गवय तर समोर दिसतोच आहे. नवं ज्ञान होतं ते घरच्या गाईबद्दल. ‘माझी ती घरची गाय या गवयासारखी आहे’ हे. गाय समोर नाही, शेकडो मैलांवर गोठ्यात उभी आहे, आणि कळते ती. मी वर्गात विचारायचो, अरे, रानात जाऊन घरची गाय काय बघायची?

मुन्नारहून परत आल्यावर महिन्याभरानं मुळशीकडे एका ओळखीच्यांच्या जुन्या घरी गेलो होतो. मागच्या पडवीला कारवीचा कूड होता, शेणानं लिंपलेला, एका जागी माती पडून काड्या उघड्या पडलेल्या. असे कूड मी लहानपणापासून पाहत आलोय. कारवी म्हणजे कुडाच्या काड्या, एवढंच. ती सात वर्षांनी फुलते, हेही ऐकून माहीत होतं. पण कारवी आणि नीलकुरिंजी एकाच प्रजातीतल्या, म्हणजे सख्ख्या म्हणाव्यात अशा, हे त्या गाईडनं झुडूप दाखवल्यावर मी शोधून काढलं होतं. त्या पडवीत मी त्या काड्यांना हात लावून बराच वेळ उभा होतो. घरमालकांनी विचारलं, "काय बघताय, सर? वाळवी लागलीय का?"

मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.